वाऱ्याची दिशा सांगणारी म्हातारी

अमेरिकेत धनुष्यबाणाने हरणाची शिकार करणाऱ्या माणसाचे खिसे तपासले तर काय काय सापडेल? परवाना, सुरी, दोरी, टॉर्च. आणि बऱ्याचदा औषधाच्या गोळ्यांची एक रिकामी डबी. डबी उघडली तर आत गोळ्या नसतात, रेशमासारखा चकाकणारा पांढरा कापूस दाबून भरलेला असतो. शिकारी त्यातला एक पुंजका दोन बोटांत धरतो, सोडून देतो आणि तो कुठे जातो ते बघत बसतो. बस, एवढंच त्या कापसाचं काम.

हा कापूस म्हणजे आपली म्हातारी. अगदी सख्खी नाही, पण नात्यातली. आपल्याकडे रुईचं फळ उकललं की ज्या म्हाताऱ्या उडतात आणि ज्यांच्या मागे पोरं धावतात, त्याच कुळातली ही वनस्पती. नाव मिल्कवीड. शब्दशः बघायला गेलं तर 'दूधतण'. पान तोडलं की रुईसारखाच पांढरा चीक येतो, आणि शेंगेत रेशमाचं शेपूट लावलेल्या तपकिरी बिया असतात. आपल्या बागांमधून लाल-पिवळ्या फुलांची हळदीकुंकू किंवा काकतुंडी नावाची जी झाडं दिसतात, ती तर मिल्कवीडच. मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण भागातली, नंतर इथे रुळलेली.

मी मूळचा सोलापूरचा. इंजिनिअरिंग झाल्यावर सॉफ्टवेअरमध्ये लागलो आणि कामाने मला मिशिगन राज्यात आणून टाकलं. तिथल्या ऑफिसात एक सहकारी आहे, वयाने माझ्या वडिलांएवढा, पण तिकडच्या रीतीप्रमाणे आम्ही एकमेकांना नावानेच हाक मारतो. दर वर्षी पानगळीच्या दिवसांत तो सुट्टी टाकून जंगलात जातो. ती डबी मी पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिली. मी शिकार करत नाही, करणारही नाही. पण त्या डबीतल्या कापसाचा माग काढत गेलो तेव्हा कळलं, की याच कापसाने एकेकाळी समुद्रात बुडणारी माणसं तरंगत ठेवली होती, आणि त्यासाठी लाखो शाळकरी पोरं शेतांच्या बांधावरून फिरली होती. त्याचीच ही गोष्ट.

नाक विरुद्ध डोळे

आधी मुळात वारा बघायचा कशासाठी, ते समजून घेऊ.

उत्तर अमेरिकेतलं पांढऱ्या शेपटीचं हरीण जगतं ते नाकावर. दिसलेल्या गोष्टीबद्दल त्याला शंका येईल, ऐकलेल्या आवाजाकडे ते मान वळवून बघेल, पण माणसाचा वास आला की ते दुसऱ्या पुराव्याची वाट बघत नाही. शेपटी वर करून निघून जातं. म्हणून शिकाऱ्याने कुठे बसायचं हे हरणाच्या वाटेवरून ठरतंच, पण त्याहून जास्त वाऱ्यावरून ठरतं. वारा हरणाकडून माणसाकडे यायला हवा. उलटा वाहिला तर दिवस फुकट गेला.

बंदुकीने लांबून नेम धरणाऱ्याला यात थोडी सूट मिळते. धनुष्यवाल्याला ती नाही. त्याला हरीण वीस-तीस मीटरवर यावं लागतं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धनुष्याने शिकार करणाऱ्यांची संख्या फार वाढली. फ्रेड बेअर या माणसाने १९४७ साली मिशिगनमधल्या ग्रेलिंग गावी धनुष्यांचा कारखाना हलवला आणि या छंदाला अमेरिकाभर लोकप्रिय केलं. पुढे मिझुरीच्या हॉलिस विल्बर ॲलनला १९६९ साली कप्प्या लावलेल्या धनुष्याचं पेटंट मिळालं. या कप्प्यांमुळे दोरी पूर्ण ताणून धरायला फार कमी जोर लागतो. त्यामुळे साधा नोकरदार माणूसही शनिवार-रविवारी सराव करून जंगलात जाऊ लागला. तो झाडावर पाच-सहा मीटरवर मचाण बांधून बसू लागला. आणि मचाणावर बसलं की वाऱ्याचं गणित आणखी अवघड होतं, कारण तुमचा वास आता वरून खाली सांडत असतो.

इथे एक आकडा सांगायला हवा, नाहीतर शिकार म्हणजे नुसता विध्वंस असं वाटेल. बाजारासाठी झालेल्या बेसुमार कत्तलीमुळे १९०० च्या सुमारास अख्ख्या अमेरिकेत ही हरणं पाच लाखांच्या आत उरली होती असा अंदाज आहे. आज ती तीन कोटींच्या घरात आहेत. मधल्या काळात दोन मोठ्या गोष्टी घडल्या. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांचा राज्याराज्यांतला व्यापार बंद केला. आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवला. १९७२ साली दुरुस्ती करून धनुष्यबाणही त्या करात आणले. त्याच १९७२ साली भारताने वन्यजीव संरक्षण कायदा केला आणि शिकारीवर जवळपास पूर्ण बंदी आणण्याचा रस्ता धरला. एकाच वर्षी दोन देश दोन वेगळ्या वाटांनी गेले. कुठली बरोबर हा वाद इथे घालत नाही. पण त्या डबीकडे बघताना मला हे आठवत राहतं.

ॲप काय सांगतं आणि पुंजका काय सांगतो

माझा पहिला प्रश्न कुणाही सॉफ्टवेअरवाल्याला पडेल तोच होता. खिशात फोन आहे, फोनमध्ये हवामानाचं ॲप आहे, त्यात वाऱ्याचा बाण आहे. मग कापूस कशाला?

उत्तर आपल्याच धंद्यातलं आहे: रिझोल्यूशन. हवामानखातं वारा मोजतं तो जमिनीपासून दहा मीटर उंचीवर, मोकळ्या जागी. अंदाज वर्तवणारी चांगल्यातली चांगली नेहमीची मॉडेल्स हवेचे काही किलोमीटरचे चौकोन करतात. अमेरिकेत तासातासाला चालणाऱ्या अशा एका मॉडेलचा चौकोन तीन किलोमीटरचा आहे. त्या चौकोनात एक टेकडी, एक ओढा, दोन शेतं आणि पन्नास एकर जंगल मावतं. ॲप सांगतं 'पश्चिमेचा वारा', ते चुकीचं नसतं. पण ओढ्याकाठच्या त्या एका ओक झाडाखाली, हरणाच्या नाकाच्या उंचीवर हवा कुठे चाललीय, हे त्याला माहीत नसतं.

तिथे वेगळाच कारभार चालू असतो. सकाळी ऊन पडलं की जमीन तापते, हवा हलकी होते आणि उतारावरून वर चढायला लागते. संध्याकाळी जमीन निवते, थंड हवा जड होऊन पाण्यासारखी खाली वाहते आणि ओढ्यानाल्यांत साचते. ज्यांनी घाटावरच्या गावात पहाटे दरीत धुकं बसलेलं पाहिलंय त्यांना हे सांगायला नको. त्यातच झाडांचा घोळका वारा अडवतो, तो मागच्या बाजूला भोवरा करतो. म्हणजे अंगाला लागणारा वारा पूर्वेकडे जातोय, आणि चाळीस मीटरवर तोच वळून परत येतोय, असं सहज होतं.

वारा तपासायच्या युक्त्या जुन्याच आहेत. मूठभर माती सोडणं, गवताचं पातं उडवणं, बोट ओलं करून धरणं. धनुष्याला लोकरीचा धागा बांधणं. दुकानात बारीक पावडरची दाबायची बाटली मिळते, टाल्कम पावडरसारखी. या सगळ्यांत एकच उणीव आहे, ती ही की तुम्ही उभे आहात तिथला वारा कळतो. पावडरचा ढग चार-पाच मीटरवर विरून जातो. पुढे काय होतं ते दिसत नाही.

मिल्कवीडचा पुंजका विरत नाही. तो जवळजवळ वजनरहित असतो आणि पांढराशुभ्र चकाकतो, म्हणून डोळ्यांना पन्नास-साठ मीटरपर्यंत आणि चांगल्या उजेडात त्याहूनही लांब दिसत राहतो. तो तुमच्यापासून निघतो, झाडाला वळसा घालतो, खळग्यात उतरतो, तिथे थबकतो, मग अचानक वर उचलला जातो. तुमचा वास ज्या वाटेने जाणार ती वाट तो तुमच्या डोळ्यांसमोर चालून दाखवतो. वाऱ्याचा वेग एका खांबावर बसून मोजणं वेगळं आणि हवेच्या एका थेंबाबरोबर प्रवास करणं वेगळं. पहिलं काम यंत्राचं आहे, दुसरं म्हातारीचं. आणि तिला बॅटरी लागत नाही.

तोडायची कधी, वाळवायची कशी

हे साधन फुकट आहे, पण आयतं नाही. त्याचा हंगाम साधावा लागतो.

शेंगा तयार होतात सप्टेंबर-ऑक्टोबरात. फार लवकर तोडली तर आतलं रेशीम ओलं, चिकटलेलं आणि बिया पांढऱ्या असतात; वाळवूनही ते नीट फुलत नाही. फार उशीर झाला तर शेंग शिवणीवर उकलते आणि वारा तुमच्या आधी येऊन सगळं घेऊन जातो. मधला आठवडा-दोन आठवडे खरे. खूण सोपी आहे. शेंगेचा हिरवा रंग पिवळट-करडा व्हायला लागतो, शिवणीवर अंगठ्याने हलकं दाबलं की ती उघडते. आत बिया तपकिरी दिसल्या तर तोडायची. पांढऱ्या दिसल्या तर राहू द्यायची.

तोडताना चीक येतो. तो डोळ्यांत गेला तर डोळ्यांची आग होते आणि इजाही होऊ शकते. रुईच्या चिकाबद्दल आपल्या आज्या जे ओरडायच्या तेच इथेही लागू. हातमोजे घालायचे, नाहीतर हात धुवेपर्यंत डोळे चोळायचे नाहीत.

मग वाळवण. प्लास्टिकच्या पिशवीत भरलं की संपलं. ओल आतच राहते आणि चार दिवसांत बुरशी धरते. कागदी पिशवीत किंवा खोक्यात एका थरात पसरून कोरड्या, हवेशीर जागी ठेवायचं. घरभर म्हाताऱ्या उडू नयेत म्हणून माझा सहकारी प्रत्येक शेंगेला रबर बँड लावतो. शेंग वाळते, शिवणीवर उकलू बघते, पण रबर बँड तिला मिटलेली ठेवतो.

वाळलेली शेंग उघडून बघण्यासारखी असते. आत बिया माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक बसलेल्या असतात आणि त्यांच्या पोटात रेशमाच्या लडी अशा काटेकोर घडी घालून ठेवलेल्या, की कुणी पैठणीच्या दुकानात बांधून दिल्यासारख्या. ही घडी मोडायची नाही. अख्खा गाभा अलगद बाहेर काढायचा, निमुळत्या टोकाला चिमटीत घट्ट धरायचं आणि दुसऱ्या हाताने बिया खरवडून काढायच्या. बिया गळून पडतात, रेशीम हातात राहतं. बी तशीच राहिली तर पुंजका जड होतो आणि खाली बसतो; वाऱ्याबद्दल खोटं सांगतो.

साठवायला गोळ्यांची डबी किंवा जुन्या कॅमेऱ्याच्या रिळाची डबी चालते. कुणी रिकाम्या शेंगेतच परत भरून वर रबर बँड लावतात. निसर्गाने दिलेलं पाकीट, फुकट. महत्त्वाचं एकच, ते म्हणजे कोरडं राहिलं पाहिजे. एका शेंगेतलं रेशीम अनेक दिवस पुरतं, आणि सात-आठ शेंगांत एका माणसाचा हंगाम निघतो.

आता हीच कृती लक्षात ठेवा. तपकिरी बियांची खूण, एका थरात वाळवण, हवेशीर पिशवी, कोरडी साठवण. कारण हीच कृती १९४४ साली अमेरिकी सरकारने छापून वाटली होती.

दोन पोती, एक जीव

१९४२ च्या मार्चमध्ये जपानने जावा बेट जिंकलं. त्या बेटावरून जगभर जाणाऱ्या मालात एक होता कापोक, म्हणजे पांढऱ्या सावरीचा कापूस. आपल्याकडे सावरीच्या कापसाच्या उशा करतात त्याच प्रकारचा. दिसायला साधा, पण नौदलांना अत्यंत मोलाचा. त्याचे तंतू आतून पोकळ असतात आणि वरून मेणचट, त्यामुळे तो पाणी पीत नाही आणि तरंगत राहतो. लाइफ जॅकेटं त्याच्यानेच भरली जायची. अमेरिका दोन महासागरांत लढत होती, जहाजं बुडत होती, आणि जॅकेटात भरायचा कापूस शत्रूच्या ताब्यात गेला होता.

शिकागोत बोरिस बर्कमन नावाचे एक डॉक्टर होते, रशियातून आलेले. ते युद्धाच्या आधीपासून मिल्कवीडच्या मागे लागले होते. या तणाचा कापूस उपयोगी पडेल असं ते सांगत होते आणि शेंगेतून रेशीम वेगळं करणाऱ्या यंत्रावर त्यांनी काम केलं होतं. मिल्कवीडचा तंतूही कापोकसारखाच पोकळ आणि मेणचट. दोन-तीन सेंटिमीटर लांबीच्या, आत हवा भरलेल्या नळ्याच त्या. त्याचं सूत कातणं अवघड, कारण तो गुळगुळीत आणि ठिसूळ असतो. पण भरायला उत्तम. नौदलाच्या चाचण्यांत दिसलं की एक पौंडाहून थोडं जास्त मिल्कवीडचं रेशीम १५० पौंडांच्या, म्हणजे साधारण ६८ किलोच्या माणसाला चाळीस तासांहून जास्त तरंगत ठेवू शकतं.

उत्तर मिशिगनमधल्या पेटोस्की गावात कारखाना उभा राहिला. धनुष्यवाल्या फ्रेड बेअरच्या ग्रेलिंगपासून साधारण शंभर किलोमीटरवर. तिथल्या पडीक रेताड जमिनीत मिल्कवीड माजलेलं होतं. पण कारखाना उभा करून भागत नव्हतं. मिल्कवीडची शेती नव्हती. ते होतं बांधावर, रेल्वेच्या कडेने, सोडून दिलेल्या रानात, विखुरलेलं. यंत्राने कापता येईल असं काही नव्हतं. एकेक शेंग हाताने तोडायची, तीही त्या मधल्या दोन आठवड्यांत, आणि तरुण माणसं तर युद्धावर गेलेली.

मग उरली पोरं. १९४४ च्या पानगळीत सरकारने शाळा, स्काउट आणि ग्रामीण मुलांचे ४-एच क्लब यांना कामाला लावलं. घोषणा होती: दोन पोती, एक जीव. दोन पोती शेंगा म्हणजे एक लाइफ जॅकेट. शेजारच्या कॅनडातही ऑन्टॅरिओ आणि क्विबेक प्रांतांतली मुलं हेच करत होती. पोत्यामागे १५ ते २० सेंट मिळायचे.

आणि पोती कसली, तर कांद्याची. जाळीच्या गोण्या, सोलापूरच्या मार्केट यार्डात ढिगाने दिसतात तशा. कारण तेच, हवा खेळली पाहिजे. बिया तपकिरी झाल्यावर पण शेंग उकलायच्या आधी तोडा, जाळीच्या पोत्यात भरा, पोती कुंपणाच्या तारेला टांगा, एकावर एक रचू नका, वाळू द्या. मग गोळा करून रेल्वेने पेटोस्कीला. त्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत मैलोन् मैल कुंपणांवर शेंगांनी फुगलेल्या गोण्या लटकत होत्या. मोहीम संपेपर्यंत दहा लाखांहून जास्त लाइफ जॅकेटं भरतील एवढा माल गोळा झाला.

मला या हिशेबातला एक भाग सोडवत नाही. एका पोत्यात शेकडो शेंगा मावायच्या. दहा-अकरा वर्षांच्या मुलीचा भाऊ प्रशांत महासागरात कुठल्यातरी जहाजावर आहे. कुठल्या, हे सेन्सॉरमुळे पत्रात लिहिलेलं नाही. ती शाळा सुटल्यावर बांधावरून फिरते आणि मोजते. पोतं अर्धं झालं म्हणजे पाव जीव झाला. आपण प्रॉजेक्टमध्ये कामाची प्रगती टक्क्यांत दाखवतो, हिरवी पट्टी पुढे सरकते. त्या मुलांची पट्टी कुंपणावर लटकलेली होती. आणि ती कुणाची आहे हे त्यांना कधीच कळणार नव्हतं. भरलेल्या जॅकेटवर शेंगा तोडणाऱ्याचं नाव लिहिलेलं नसतं.

पुन्हा तण

युद्ध संपलं. आशियातून कापोक परत येऊ लागला, पाठोपाठ कृत्रिम फोम आणि धागे आले. पेटोस्कीचा कारखाना बंद पडला. सरकारी कागदांत मिल्कवीड पुन्हा तण झालं.

तणाची बाजूही ऐकली पाहिजे. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही वनस्पती त्रासदायकच. ती जमिनीखाली आडव्या मुळांनी पसरते. वरून कापली की शेजारून दोन फुटवे काढते. गुरांनी जास्त खाल्ली तर विषबाधा होते. पण याच मुळांमुळे ती नांगरटीलाही पुरून उरली आणि मका-सोयाबीनच्या ओळींमध्ये वर्षानुवर्षं टिकून राहिली. शेंगा तोडल्याने तिचं काही बिघडत नाही. १९४४ ला लाखो पोती तोडूनही पुढच्या वर्षी ती होती तिथेच उगवली.

तिला खरा धक्का बसला तो १९९६ नंतर. ग्लायफोसेट हे तणनाशक सहन करणारं सोयाबीन त्या वर्षी बाजारात आलं, मागोमाग मका. आता उभ्या पिकावरून फवारणी करता येऊ लागली, आणि ग्लायफोसेट पानांतून मुळांपर्यंत उतरतं. जे नांगराला जमलं नव्हतं ते पंपाने केलं. जॉन प्लेझंट्स आणि कॅरन ओबरहाऊझर या संशोधकांनी २०१३ साली मांडलेल्या हिशेबानुसार अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातलं मिल्कवीड १९९९ ते २०१० या काळात ५८ टक्क्यांनी घटलं.

तण घटलं तर कुणाचं काय बिघडलं? बिघडलं मोनार्क फुलपाखराचं. त्याच्या अळ्या मिल्कवीडशिवाय काही खात नाहीत. चिकातलं विष अंगात साठवून त्या स्वतःच कडू होतात, म्हणून पक्षी त्यांच्या वाट्याला जात नाहीत. आपल्याकडे रुईवर वाढणारं नारिंगी प्लेन टायगर हे त्याचंच भावंड, आणि तेही हीच युक्ती करतं. मोनार्क मात्र दर हिवाळ्यात हजारो किलोमीटर उडून मेक्सिकोच्या डोंगरांतल्या ओयामेल झाडांवर जाऊन बसतात. बाहेरच्या शास्त्रज्ञांना ती जागा १९७५ साली सापडली. तिथे फुलपाखरं मोजत नाहीत, त्यांनी व्यापलेलं जंगल मोजतात. १९९६-९७ च्या हिवाळ्यात ते १८ हेक्टरहून जास्त होतं. २०१३-१४ ला उरलं ०.६७ हेक्टर. मेक्सिकोतली जंगलतोड आणि बिघडलेलं हवामान हीदेखील कारणं आहेत, पण मिल्कवीड नाहीसं होणं हे मोठ्या कारणांपैकी एक मानलं जातं.

मग पुन्हा पान उलटलं. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांताने २०१४ साली मिल्कवीडचं नाव उपद्रवी तणांच्या यादीतून काढलं. अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये मोनार्कला संकटग्रस्त यादीत घ्यायचा प्रस्ताव मांडला. शाळेतली पोरं पुन्हा मिल्कवीडच्या शेंगा गोळा करू लागली, या वेळी बिया पेरण्यासाठी. नेब्रास्कात एक कंपनी त्याचं रेशीम पिसांत मिसळून उशा आणि दुलया बनवू लागली. म्हणजे ऐंशी वर्षांत एकाच झुडपाला तण, युद्धसामग्री, पुन्हा तण आणि मग वारसा, अशी चार नावं मिळाली. झुडपात काहीच बदललं नव्हतं. बदलत होती ती आपली गरज.

डबीतलं उरलेलं

या सगळ्यात शिकाऱ्याची डबी कुठे बसते?

सरकारी मोहीम एका पानगळीत येते आणि गरज सरली की जाते. शिकाऱ्याची सवय मोहीम नाही. तिला घोषणा नाही, पोत्यामागे सेंट नाहीत. एकाने दुसऱ्याला दाखवलं, बापाने पोरीला शिकवलं, असं ते चालत आलं. त्यामुळे या माणसांना आपल्या भागात मिल्कवीड नेमकं कुठे उरलंय हे ठाऊक असतं. कुठल्या बांधावर फवारणी झाली, कुठला तुकडा यंदा नाहीसा झाला, हे त्यांना पाहणी अहवालाशिवाय कळतं. माझा सहकारी एका रेल्वे रुळाकडेच्या पट्ट्याबद्दल असं बोलतो, जसं आपल्याकडे कुणी करवंदांच्या जाळीबद्दल बोलतं: जागा माहीत आहे, पण सगळ्यांना सांगणार नाही.

मी हे रंगवून सांगत नाही. तो कापूस घेऊन तो मारायलाच जातो. १९४४ ला ज्या रेशमाने माणसाला पाण्यावर धरून ठेवलं, तेच आज हरणाला माणसाचा पत्ता लागू नये म्हणून उडवलं जातं. या दोन गोष्टींची गोड बेरीज होत नाही, आणि करायची मला गरजही वाटत नाही. आपल्याकडेही या कुळाने असंच दुहेरी काम केलंय. ज्या रुईच्या पानांची माळ शनिवारी मारुतीला घालतात, त्याच रुईच्या खोडाच्या सालीतल्या चिवट धाग्याच्या पूर्वी धनुष्याच्या दोऱ्या वळत. मिल्कवीडच्या खोडाचे दोर तिकडच्या मूलनिवासींनीही वळले. वनस्पतीला त्याचं काही नसतं.

पण खरवडून काढलेल्या बियांचं काय करायचं, हे माणसाला ठरवावं लागतं. १९४४ च्या पोरांना तो प्रश्न नव्हता, कारण पोतं अख्खंच जायचं. शिकाऱ्यासमोर मात्र दर वर्षी टेबलावर मूठ-दोन मुठी बिया पडतात, कचऱ्यात टाकण्याजोग्या. माझा सहकारी त्या लिफाफ्यात भरतो आणि नोव्हेंबरात मचाणावर जाताना वाटेत, शेत आणि जंगल यांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात टाकत जातो. मुद्दाम थंडीच्या तोंडावर. कारण मिल्कवीडच्या बीला रुजण्याआधी काही आठवडे ओल्या थंडीत पडून राहावं लागतं. ते काम मिशिगनचा बर्फ करतो. बिया त्याच भागातल्या, त्याच भागात. त्या फुकट असल्या तरी लांबून मागवू नयेत असं तो म्हणतो.

मी त्याला विचारलं, पेटोस्कीच्या कारखान्याबद्दल ठाऊक आहे का? त्याला नव्हतं. पण कांद्याच्या गोण्यांचं ऐकून तो हसला. त्याच्या आजीच्या गॅरेजमध्ये तशा गोण्यांची चळत होती, म्हणाला. कांदे कधीच नव्हते. एवढं बोलून त्याने डबीचं झाकण लावलं आणि आम्ही स्टँडअप मीटिंगला गेलो.

तुमच्याकडे शिकारीचा प्रश्न नाही. पण रुई आहे, अगदी शहरातसुद्धा, मोकळ्या प्लॉटवर, रेल्वेच्या भिंतीला लागून. फळ पिवळट पडलं, शिवणीवर दाबून बिया तपकिरी दिसल्या, की एक तोडा. चीक डोळ्यांपासून लांब ठेवा, हात धुवा. कागदी पिशवीत वाळवा, रबर बँड लावा. बिया काढून त्याच प्लॉटवर परत टाका. मग संध्याकाळी गॅलरीत उभे राहा, फोनवर वाऱ्याचा बाण बघून घ्या, आणि एक म्हातारी सोडा. ती बाणाच्या दिशेने किती वेळ जाते आणि कुठे वळते, ते नजरेआड होईपर्यंत बघा.